गोधडी बेतूया इंकस्केपमध्ये: चार लुगडी, दोन धोतरं आणि पस्तीस भिंगऱ्या

आजी गेल्यावर तिची लुगडी आई आणि दोघी मावश्यांत वाटली गेली. आईच्या वाट्याला चार इरकली लुगड्यांचे तुकडे आले, प्रत्येक साधारण तीन वार: काळं, डाळिंबी, मोरपंखी आणि जांभळं. सोबत आजोबांची दोन धोतरं. आई म्हणाली, "याची एक गोधडी कर, पण नीट बेतून कर. कापड पुन्हा मिळायचं नाही."

मी इचलकरंजीत लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करते. दिवसभर स्क्रीनवर चौकोन जुळवणं हाच माझा धंदा. तरी गोधडी संगणकावर बेतायला मला दोन-तीन वर्षं लागली, कारण मी दर वेळी उलट्या टोकाने सुरुवात करत होते. आधी सुंदर नक्षी काढायची आणि मग तेवढं कापड शोधायचं. नवीन ताग्यातून कापड घेणाऱ्याला ते चालतं. आपल्या गोधडीत कापड आधी असतं. म्हणून पहिली फाइल नक्षीची नको, गाठोड्याची करा. हे एवढं पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. खास क्विल्टसाठी 'इलेक्ट्रिक क्विल्ट' नावाचा विकतचा प्रोग्राम आहे. त्यात ब्लॉक (नक्षीचे चौकोन) तयार मिळतात आणि कापडाचा हिशेबही तोच करून देतो. ऑफिसात कोरल ड्रॉ असेल तर त्यातही हे सगळं जमतं. मी घरी इंकस्केप हा चित्र काढायचा प्रोग्राम वापरते. तो फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, आणि त्यातली क्लोनची (मूळ बदललं की आपोआप बदलणाऱ्या प्रतींची) सोय गोधडीसाठी फार उपयोगी पडते. पुढे सांगितलेलं सगळं इंकस्केप १ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवरचं आहे.

आधी गाठोडं

प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरा. जिथे उजेड जाळीसारखा आरपार दिसतो ते कापड विरलेलं. तिथे खडूने फुली मारा. गोधडीच्या वरच्या थरात असं कापड घेतलं तर पहिल्याच धुण्यात फाटतं, पण मधल्या थरात ते उत्तम चालतं, म्हणून टाकू मात्र नका. आमच्या डाळिंबी लुगड्याचा एक भाग उन्हाने इतका विटला होता की तो गुलाबीसर पांढरा दिसायचा. तोही मी मधल्या थरासाठी ठेवला.

मग काठ. इरकलीचे काठ चौकोनात घेऊ नका, वेगळे उतरवून गुंडाळून ठेवा. शेवटी लागणार आहेत. काठ काढल्यावर आमच्या तुकड्यांचा पन्हा साधारण ३८ इंच उरला.

आता इंकस्केप उघडा. फाइल मेनूतून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज (कंट्रोल + शिफ्ट + डी). एकक इंच करा. प्रत्येक तुकड्याचा चांगला भाग जसा आहे तसा आयत काढून ठेवा, खऱ्या मापात. फुल्या मारलेल्या जागाही त्यावर काढा. चित्र देखणं व्हायची गरज नाही. मग त्या आयतांवर तुम्हाला हवे तेवढे चौकोन ठेवून बघा. आमच्याकडे पावणेसात इंचांपेक्षा जरा मोठे चौकोन (ते माप का, ते पुढे येतं) एका ओळीत पाच बसत होते. काळ्यातून पाच ओळी, त्यातला एक भोकाचा गेला, उरले २४. डाळिंबीतून २०. मोरपंखीतून चार ओळी, दोन फाटके वजा, १८. जांभळ्यातून जेमतेम १२.

२४, २०, १८, १२. हे चार आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पुढची सगळी नक्षी या चार आकड्यांतून निघाली.

एक भिंगरी काढणे

नक्षी मी भिंगरीची निवडली. जत्रेत कागदाची मिळते ना, तीच. आठ त्रिकोण, चार गडद (लुगड्याचे), चार फिके (धोतराचे), सगळ्यांचं टोक मध्यावर. ही नक्षी जुन्या कापडाला मानवते, कारण एक भिंगरी करायला एका रंगाचे फक्त दोन चौकोन पुरतात.

नवीन फाइल घ्या. पानाचं माप ६० बाय ८४ इंच, म्हणजे एका माणसाची गोधडी. ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची जाळी, सुरू करा, एक इंचाची, आणि दर बारा रेघांनी ठळक रेघ येऊ द्या. बारा इंचांची एक भिंगरी, आडव्या पाच, उभ्या सात, एकूण ३५. स्नॅपिंग (बिंदू रेघांना आपोआप चिकटण्याची सोय) सुरू ठेवा, नाहीतर टोकं एकमेकांना नीट चिकटणार नाहीत.

त्याआधी एक सेटिंग बदला, कारण याच्यावाचून माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. एडिट, प्रेफरन्सेस, टूल्स, आणि तिथे बाउंडिंग बॉक्स (आकाराचं माप धरणारी चौकट) 'जिऑमेट्रिक' करा. नाहीतर इंकस्केप आकाराच्या मापात बाहेरच्या रेघेची जाडीही धरतं. बारा इंचांची भिंगरी बारा इंच आणि जरासं दाखवते, आणि पुढे ३५ भिंगऱ्या मांडल्या की प्रत्येकीच्या मध्ये केसाएवढी फट दिसते. रेघ मुळातच काढून टाकली, फक्त रंग ठेवला, तर आणखी बरं.

पेनचं टूल घ्या (बी दाबा). पहिला त्रिकोण: बारा इंची चौकोनाचा वरचा डावा कोपरा, वरच्या कडेचा मध्य, चौकोनाचा मध्य, आणि परत पहिल्या बिंदूवर क्लिक करून बंद. हा गडद. दुसरा: तोच वरचा डावा कोपरा, चौकोनाचा मध्य, डाव्या कडेचा मध्य. हा फिका. दोघांचा मिळून सहा इंचांचा एक चौकोन झाला. त्यांचा ग्रुप करा (कंट्रोल + जी). ग्रुपवर दुसऱ्यांदा क्लिक केलं की मध्ये छोटी फुली दिसते. ती ओढून मोठ्या चौकोनाच्या मध्यावर आणून ठेवा. आता कंट्रोल + डी ने प्रत काढा, कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून ती ९० अंशांत फिरवा. असं तीनदा. भिंगरी तयार.

शेवटी चारही ग्रुप सोडवा आणि आठही त्रिकोणांचा मिळून एकच ग्रुप करा. ग्रुपच्या पोटात ग्रुप राहिले तर पुढे मोजणी करताना गोंधळ होतो.

पस्तीस भिंगऱ्या आणि त्यांचे रंग

इथे क्लोन कामाला येतात. साधी प्रत काढली तर मूळ भिंगरीत बदल केल्यावर ३५ ठिकाणी हात फिरवावा लागतो. क्लोन असला की मूळ बदललं की सगळे बदलतात.

पण एक अडचण आहे. क्लोन मुळाचाच रंग घेतो, आणि आपल्याला तर चार रंग हवेत. त्यासाठी कंट्रोल धरून मूळ भिंगरीतले चार गडद त्रिकोण निवडा (शिफ्टही धरा म्हणजे चारही एकदम निवडले जातील), फिल अँड स्ट्रोकची खिडकी उघडा आणि फिलमधल्या प्रश्नचिन्हावर क्लिक करा. त्रिकोण काळे होतील. काही बिघडलेलं नाही. त्यांचा स्वतःचा रंग आता ठरलेला नाही, एवढंच. म्हणजे क्लोनला जो रंग द्याल तो ते घेतील आणि फिके त्रिकोण मात्र धोतराच्याच रंगात राहतील.

मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. सिमेट्री पी-वन, म्हणजे साधी सरळ मांडणी. ओळी सात, रकाने पाच. क्रिएट. लक्षात ठेवा, पहिला क्लोन मूळ भिंगरीच्या बरोब्बर वर बसतो, म्हणजे तिथे दोन आहेत. क्लोन झाल्यावर मूळ भिंगरी पानाबाहेर ओढायची, तर तिच्यामागे क्लोनही सरकतात. म्हणून मी तिला तिथेच राहू देते आणि मोजताना एक वजा करते.

रंग कुठून आणायचे? पॅलेटमधला तयार जांभळा घेऊ नका. सगळे तुकडे सावलीत, पण दिवसाच्या उजेडात, एका पांढऱ्या कागदाशेजारी मांडून एकच फोटो काढा. वेगवेगळे फोटो काढले तर प्रत्येकात मोबाइल रंग वेगळा धरतो. फोटो कंट्रोल + आय ने आत घ्या. ड्रॉपर (डी) घेऊन नुसतं टिचकी मारू नका, दाबून छोटं वर्तुळ ओढा. त्या वर्तुळातल्या सगळ्या रंगांची सरासरी मिळते. चौकड्यांच्या किंवा बारीक रेघांच्या कापडाला हे फार गरजेचं आहे. जवळून लाल-हिरव्या दिसणाऱ्या बारीक चौकड्या चार पावलांवरून तपकिरी दिसतात, आणि गोधडी आपण चार पावलांवरूनच बघतो.

रंग दिले की व्ह्यू मेनूतून ग्रेस्केल करून बघा. भिंगरी फिरते ती रंगाने नाही, गडद-फिक्याच्या फरकाने. ग्रेस्केलमध्ये जिथे त्रिकोण एकमेकांत मिसळतात तिथे खऱ्या गोधडीतही ते मिसळणार. आमचं धोतर जुनं होऊन सायीच्या रंगाचं झालं होतं. तरी चारही रंग त्याच्यापासून स्पष्ट सुटून दिसले.

आता खरी गंमत. जांभळं कमी होतं, म्हणून मी आधी ते चार कोपऱ्यांत ठेवलं आणि बाकीचे रंग मनाला येतील तसे भरले. दिसायला ठीक होतं, पण मध्ये कुठेतरी विस्कटल्यासारखं वाटत होतं. झूम कमी केला तेव्हा दिसलं, की चार भिंगऱ्यांचे कोपरे जिथे मिळतात तिथे आपोआप आणखी एक भिंगरी तयार होते. आपण काढलेली नसते, शेजारच्या चौघींचे त्रिकोण मिळून ती बनते. आडव्या चार, उभ्या सहा, अशा चोवीस भिंगऱ्या न काढता मिळाल्या होत्या, आणि त्यातल्या काहींत तीन पाती एकाच रंगाची येत होती. विस्कटलेलं वाटत होतं ते यामुळे.

मग मी अशी मांडणी केली: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या ओळीत काळं आणि डाळिंबी आलटून-पालटून, काळ्याने सुरुवात. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीत मोरपंखी आणि जांभळं, मोरपंखीने सुरुवात. आता कुठल्याही शेजारच्या चार भिंगऱ्या घ्या, त्यात चारही रंग एकेकदा येतात. म्हणजे मधल्या चोवीसही भिंगऱ्या चार रंगांच्या चार पात्यांच्या झाल्या. आणि मोजलं तर काळ्या १२, डाळिंबी ८, मोरपंखी ९, जांभळ्या ६. प्रत्येकीला दोन चौकोन, म्हणजे २४, १६, १८, १२. वहीच्या पहिल्या पानाशी ताडून बघा. फक्त डाळिंबीचे चार चौकोन उरले.

मी आईला स्क्रीनसमोर बसवलं. ती बराच वेळ बघत होती. मग तिने बोट ठेवलं ते मधल्या एका भिंगरीवर, जिथे चारही लुगडी एकत्र आली होती.

मोजणी हाताने करण्यापेक्षा इंकस्केपकडून करून घेता येते. फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, त्यात सगळे क्लोन तोडा (शिफ्ट + आल्ट + डी), ग्रुप सोडवा, एक त्रिकोण निवडा आणि एडिटमधून 'सिलेक्ट सेम', फिल कलर. किती वस्तू निवडल्या गेल्या ते खालच्या पट्टीत दिसतं. काळे त्रिकोण ४८ यायला हवेत. चौकोनांसाठी त्याचे निम्मे.

माया किती, आणि पाऊण नाही तर सात अष्टमांश का

शिलाईला प्रत्येक बाजूने पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड. सरळ चौकोन जोडायचे असतील तर तयार मापात अर्धा इंच मिळवा, संपलं. पण आपण त्रिकोण जोडतोय, आणि त्रिकोणाच्या टोकाशी तिरकी शिवण जास्त जागा खाते. किती? हे शिवणाच्या क्लासमध्ये पाठ करून घेतात. इंकस्केपमध्ये ते डोळ्यांनी दिसतं. सहा इंचांचा एक त्रिकोण काढा, पाथ इफेक्ट्समधून 'ऑफसेट' लावा, पाव इंच, जोड 'मायटर' ठेवा म्हणजे टोकं गोल होणार नाहीत. आता त्रिकोणाची रुंदी वाचा: ६.८५४ इंच. टेपवर सगळ्यात जवळची खूण ६ आणि सात अष्टमांश, म्हणजे ६.८७५. म्हणून चौकोन ६.८७५ चे कापायचे. मापाच्या खिडकीत थेट ६+७/८ असं लिहिलं (इंग्रजी आकड्यांत) तरी इंकस्केप बेरीज करून घेतं.

एक गडद आणि एक धोतराचा चौकोन सुलटी बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलने रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा, मग रेघेवर कापा. दोन तयार चौकोन मिळतात, साडेसहाचे, जोडल्यावर सहाचे. म्हणजे गडद ७० आणि धोतराचे ७०. तिरकं कापलेलं कापड उरेप असतं, ओढलं की ताणतं, आणि जुनं धोतर तर फारच. कापण्याआधी भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन इस्त्री करा. उरेपावर इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची.

कागदावर उतरवताना

६.८७५ चा चौकोन ए-फोर कागदावर बसतो, म्हणून त्याचा साचा छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. त्याच पानावर कोपऱ्यात तीन इंचांचा एक चौकोन काढून ठेवा. पीडीएफ छापताना 'अॅक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडलंय ना ते बघा, आणि छापून आल्यावर तो तीन इंचांचा चौकोन स्टीलच्या पट्टीने मोजा. आधीच्या एका गोधडीच्या वेळी मी हे न बघता छापलं. प्रिंटरने 'पानात बसवा' धरून साचा थोडा लहान केला होता. मला कळलं तोवर एका काळ्या इरकलीचे आठ चौकोन कापून झाले होते. ते दुसऱ्या एका दुपट्यात लागले, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. इरकलीचं ते लुगडं आता कुठून आणायचं होतं?

नक्षीचं पूर्ण पानही एक रंगीत छापा, प्रत्येक भिंगरीवर ओळ आणि रकान्याचा आकडा टाकून. मराठी आकड्यांसाठी मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट घ्या. हे पान शिलाई यंत्रासमोर भिंतीला लावायचं, आणि शिवून झालेली भिंगरी पेनाने खोडत जायची.

टाके

वरचा थर, मध्ये विरलेली लुगडी, खाली आईची एक जुनी सुती साडी. धावदोरा आपण कडेपासून आत घालत जातो, चौकोनात चौकोन. हेही फाइलमध्ये एका वेगळ्या लेयरवर काढून बघा, म्हणजे दोरा किती लागेल ते कळतं. एक्स्टेन्शन्समध्ये 'मेजर पाथ' आहे, ते लांबी सांगतं. ६० बाय ८४ वर एक-एक इंचाच्या अंतराने टाके घातले तर रेघ सुमारे १२८ मीटर भरते. अर्ध्या इंचाने घातले तर दुप्पट. दोरा वर-खाली जातो म्हणून मी त्याच्या दीडपट धरते.

सगळ्याच गोधड्या अशा बेतायच्या नसतात. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात ती कडेपासूनच शिवत आत येतात, तुकडा हातात येईल तसा बसवत, आणि चारही कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणांचा 'फुला' लावतात. तिथे नक्षी शिवता शिवताच ठरते. तशी गोधडी करायची असेल तर संगणक बंद ठेवा आणि तुकड्यांचा ढीग मांडीजवळ घ्या. भिंगरीसारखी, टोकाला टोक मिळायला हवं अशी नक्षी असेल तेव्हाच ही सगळी खटपट करा.

आता ते गुंडाळून ठेवलेले काठ काढा. गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, चारही बाजू मिळून २८८ इंच लागतात, वर जोडाला आणि कोपऱ्यांना बारा इंच धरा. सव्वादोन इंचांची पट्टी पुरते. इरकलीचा काठ त्याहून रुंद आणि लांबीला तीन वार, म्हणजे प्रत्येक बाजूला एक अखंड पट्टी येते, मध्ये दंड (जोड) घालावा लागत नाही. मी लांब बाजूंना काळ्या लुगड्याचे काठ घेतले आणि रुंदीला डाळिंबीचे. उरलेले चार डाळिंबी चौकोन आईने धुऊन, घडी करून, आजीच्या पेटीत परत ठेवले.